आजोबा कोण?

१९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधला वेळ भरून काढायला कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत सुरू झाली. अमेरिकन केनेल क्लबच्या शर्यतीत मिश्र रक्ताच्या कुत्र्यांना पळायला मात्र २०१० साल उजाडावं लागलं. तोवर उडी किती उंच, यापेक्षा आजोबा कोण, हाच प्रश्न मोठा. आमच्या जात पडताळणी समितीनंही हात जोडावेत! २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टमिन्स्टर श्वान प्रदर्शनातली शर्यत मारली ती 'निंबल'नं. रक्त मिश्र, बॉर्डर कोली आणि पॅपिलॉनचं.

बुलढाणा जिल्ह्यात हा खेळ रोजचाच. खामगावच्या बाजारात सकाळी बघा. हातगाडीखालून शिरायचं, उभ्या मोटारसायकलींतून नागमोडी निघायचं, नालीवरून उडी, मग पडलेल्या सिमेंटच्या पाइपातून आरपार. तिकडे एवढ्याच सामानाचं प्रवेश शुल्क घेतात. इकडे आमच्या गावठी मोत्याचा प्रशिक्षक म्हणजे हातात चप्पल घेऊन मागे धावणारा कचोरीवाला. (कचोरी मोत्याच्या तोंडात असते, हे सांगायला नकोच.)

शेजारच्या बंगल्यातल्या लॅब्रेडॉरची वंशावळ मात्र चोख, लॅमिनेशन केलेली. मे महिन्यात त्याला कूलरसमोरून उठवायला दोन माणसं लागतात.