नऊचे तीस

आमच्या घरात दोन प्रकारची माणसं आहेत. दाबली की लहान होणारी आणि दाबली की फुगणारी.

आत्या पहिल्या प्रकारातली. एसटीच्या प्रवासाची हकिकत सांगायला बसली की दर दुसऱ्या वाक्यात ‘मी म्हटलं, अहो कंडक्टर’ आणि दर तिसऱ्यात ‘आता तूच सांग’. संगणकातल्या फाइली दाबून लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनवाल्यांना असंच गिऱ्हाईक हवं असतं. १९७७ साली लेम्पेल आणि झिव या जोडीनं काढलेली युक्ती साधी आहे. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला तर तो लिहायचा नाही. ‘इतकं मागे जा, तिथून इतकं उचल’ एवढी चिठ्ठी ठेवायची. झिपची नेहमीची पद्धत मात्र ३२ किलोबाइटच मागे पाहते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे सुमारे अकरा हजार चिन्हांपलीकडचं झिप विसरते. आत्याला माझ्या मुंजीत न मिळालेला मानपान अजून आठवतो.

त्यावर हफमनची करामत. एमआयटीतल्या या विद्यार्थ्यापुढे प्राध्यापकांनी परीक्षा किंवा निबंध असा पर्याय ठेवला. त्यानं परीक्षा चुकवली, आणि १९५२ साली त्याची पद्धत छापून आली: वारंवार येणाऱ्याला आखूड खूण, क्वचित येणाऱ्याला लांब. आमच्याकडे हे पूर्वीपासून चालतं. दिवसातून चाळीसदा हाक मारावी लागते तो ‘बंड्या’, आणि दिवाळीपुरते उगवतात ते ‘मंगलाताईंच्या धाकट्या जाऊबाईंचे यजमान’.

बाबा दुसऱ्या प्रकारातले. जन्मभर बहुतेक प्रश्नांना त्यांचं एकच उत्तर: ‘बरं.’ पूर्णविराम सोडला तर ब, र आणि अनुस्वार; ९ बाइट. एकदा गंमत म्हणून मी तेवढं जीझिप या दाबणाऱ्या प्रोग्राममधून काढलं. फाइलीचं नावसुद्धा जोडलं नव्हतं, तरी बाहेर पडले ३०! आरंभी १० बाइटांचं मंगलाचरण, शेवटी माल धड पोचला की नाही हे ताडून पाहायला ८ बाइट, आणि खुद्द ‘बरं’ दाबता दाबता १२ बाइटांचं झालेलं. उचलण्याजोगं काही दुसऱ्यांदा आलंच नाही, तर दाबणार काय? एक लवंग पाठवायची म्हणून खोकं, सुतळी आणि पावती.

हे शहाणपण मला नोकरीत चटका बसल्यावर आलं. जागा वाचवायची म्हणून मी सर्व्हरवरचा प्रत्येक निरोप सुटासुटा दाबायला लावला. निरोप तरी कसले? ‘ओके’, ‘ओके’, ‘नॉट ओके’. भरीला फोटोही घातले. जेपेग फोटो आधीच पिळून निघालेला असतो; पिळलेल्या लिंबातून पुन्हा निघतात त्या बिया. आठवड्याभरात व्यापलेली जागा उलट वाढली, आणि दाबण्या-उघडण्याच्या कामानं सर्व्हरला धाप लागली ती वेगळीच. साहेबांनी आलेख पाहिला, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “यात नक्की वाचलं काय?” माझी नोकरी, पण ते मी मनात म्हटलं.

उपाय सोपा होता. आधी सगळ्याचं एक गाठोडं बांधायचं, मग दाबायचं. हजार ‘बरं’ सलग लिहिले तर ९,००० बाइट होतात; दाबले की शंभराच्या आत बसतात. खोक्याचा खर्च एकदाच.

रविवारी आत्या आली तेव्हा उत्साहाच्या भरात मी तिला हे सगळं समजावलं. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाली, “म्हणजे एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचं नाही? नुसतं ‘मागचंच बघ’ म्हणायचं? अरे, मग मी बोलू काय?”

आतल्या खोलीत पेपर खाली आल्याचा आवाज झाला.

“बरं होईल,” बाबा म्हणाले.