पदकांचा अनुशेष

अंगात येण्याचे प्रकार आमच्याकडे पुष्कळ. कुणाच्या अंगात देवी येते, कुणाच्या अंगात निवडणुकीच्या वर्षी पुढारी येतो. नंदनवनातल्या आमच्या काकाजींच्या अंगात दर चार वर्षांनी ऑलिम्पिक येतं. एरवी ते एका सरकारी कार्यालयात लिपिक असतात, आणि खेळाशी त्यांचा संबंध क्रिकेटचा सामना असला की जामठ्याच्या रस्त्यावरच्या गर्दीला शिव्या देण्यापुरता असतो. पण तिकडे ज्योत पेटली की इकडे काकाजी पेटतात. पुढचे सतरा दिवस त्यांना तलवारबाजीपासून तालबद्ध पोहण्यापर्यंत सगळं कळतं. समारोपाची आतषबाजी संपली की सगळं उतरतं. दुसऱ्या दिवशी कुणी ‘क्लीन अँड जर्क’बद्दल विचारलं तर ते स्कूटरच्या मेकॅनिकचा पत्ता देतात.

हा मनुष्य नागपुरात गल्लीगल्लीत सापडतो. ओळखायच्या खुणा सोप्या. वर्तमानपत्रातलं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं असतं आणि त्यातल्या भारतीय नावांखाली लाल रेघा असतात. समोरच्या खुर्चीत बनियन-पायजम्यातला गृहस्थ तर्रीपोह्याची प्लेट सांभाळत जिम्नॅस्टिक्सच्या पोरीला बजावत असतो, “उतरताना पाय हलला न बाई!” जगातले सगळे खेळ त्याला क्रिकेटमधूनच समजतात. भाला फाऊल झाला की तो ‘नो बॉल’ असतो, वजन उचलायचा तिसरा प्रयत्न म्हणजे शेवटची ओव्हर, आणि बॉक्सिंगचा निकाल विरुद्ध गेला की तिसऱ्या पंचाकडे जायचं असतं.

काकाजींची ऑलिम्पिकवरची निष्ठा भूगोलातून आली आहे. टोकियोचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे होतं; पॅरिसचं उन्हाळी घड्याळ बरोबर साडेतीन तास मागे. हा हिशेब हाती लागला त्या दिवशी काकाजी कागद-पेन घेऊन आमच्या घरी आले. “पाहा भाऊ, टोकियो तिकडे साडेतीन, पॅरिस इकडे साडेतीन. मधोमध कोण? आपण! झिरो माईलचा दगड इंग्रजांनी उगीच नाही गाडला सीताबर्डीजवळ.” तो दगड हिंदुस्थानातली अंतरं मोजायला होता, ऑलिम्पिकची घड्याळं लावायला नव्हता, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

कोणताही खेळाडू पडद्यावर आला की काकाजींचा पहिला प्रश्न असतो, “कुठचा आहे?” खेळ कोणता, नियम काय, पुढे कोण आहे, हे सगळं नंतर. आधी गाव. कारण ‘आपला’ या सदरात नोंद करायची तर पत्ता लागतो. विदर्भातला असला तर प्रश्नच नाही. नाही तर महाराष्ट्रातला, तोही नाही तर भारतातला. इथे कोणीच उरलं नाही तर मूळचा भारतातला. पॅरिसमध्ये अर्शद नदीमनं ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण नेलं, तेव्हा काकाजी क्षणभर अडले. मग म्हणाले, “पंजाबचाच न शेवटी? तिकडचा असला म्हणून काय झालं!” नीरज चोप्राच्या आईनं तर अर्शदही आपलाच मुलगा असं सांगून टाकलं. काकाजींच्या नोंदवहीला त्या माउलीनं परस्पर मंजुरी दिली.

त्या नीरजच्या रात्री काकाजींच्या घरात जे झालं त्याची चर्चा गल्लीत अजून होते. ८ ऑगस्ट २०२४, मध्यरात्रीची वेळ. कुणी जागा बदलायची नाही, असा हुकूम होता. पहिली फेक फाऊल गेली. दुसरीच्या वेळी काकू दूध फ्रिजमध्ये ठेवायला स्वयंपाकघरात गेल्या आणि भाला ८९.४५ मीटरवर पडला. काकाजींना कार्यकारणभाव लगेच दिसला. तिसऱ्या फेकीला काकूंची रवानगी स्वयंपाकघरात झाली, चौथीला झाली, पाचवीला झाली, सहावीलाही झाली. चारही फेकी फाऊल. शेवटी काकू दारात येऊन म्हणाल्या, “अहो, आता ओट्यावर चढून उभी राहू का?” रौप्य मिळालं, पण सुवर्ण हुकल्याचं निम्मं खापर अजून त्या दुधाच्या पातेल्यावर आहे.

काकाजींच्या कारकिर्दीतला सर्वांत उज्ज्वल दिवस मात्र त्याच्या आठवडाभर आधीचा, १ ऑगस्टचा. त्या दुपारी स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून कांस्यपदक जिंकलं. काकाजींनी ते कार्यालयात, फाइलच्या आड मोबाइल ठेवून पाहिलं. गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून नेम धरायचा, हे समजल्यावर त्यांचा कंठ दाटून आला. “पालथं पडून काम करायची सोय आपल्या खात्यात कधी होईल?” एवढंच ते बोलले. त्यानंतर बातमी आली की पोरगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. काकाजी उठून उभे राहिले. नागपूर म्हणजे मध्य रेल्वेचाच विभाग! पदक आपलंच. तेव्हापासून त्यांच्या डब्यात टीसी आला की ते तिकीट आदरानं, दोन्ही हातांनी पुढे करतात.

संध्याकाळी टीव्हीवर कुसाळेचं गाव सांगितलं, राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी, जिल्हा कोल्हापूर. आणि काकाजींचा चेहरा पडला.

“पुन्हा पश्चिम महाराष्ट्र!” ते म्हणाले.

इथे पुण्या-मुंबईच्या वाचकाला थोडं सांगावं लागेल. नागपूरच्या माणसाला रस्ता, धरण, वीज, नोकऱ्या, विद्यापीठाची इमारत अशी कोणतीही गोष्ट दाखवली की त्याला तिचा अनुशेष दिसतो. १९५३ साली नागपूर करार झाला. विदर्भाला वाटा न्याय्य मिळेल असं त्यात ठरलं. तो मिळाला की नाही, यावर इथली दुसरी-तिसरी पिढी वाद घालते आहे. १९८४ साली दांडेकर समितीनं अनुशेष मोजून दिला, पण त्यात सिंचन होतं, रस्ते होते, शाळा होत्या, पदकं नव्हती. ती मोजायचं काम काकाजींनी अंगावर घेतलं.

त्यांचा ताळेबंद असा. महाराष्ट्राचं, आणि स्वतंत्र भारताचंही, पहिलं वैयक्तिक पदक खाशाबा जाधवांचं, हेलसिंकी १९५२, कुस्तीत कांस्य. गाव कराडजवळचं गोळेश्वर. त्यानंतर महाराष्ट्राचं पुढचं वैयक्तिक पदक ७२ वर्षांनी, तेही कोल्हापूर जिल्ह्यात. विदर्भ: निरंक. “आणि तारखा पाहून राहिला न भाऊ? पदक ५२ चं, करार ५३ चा. करारावर सही व्हायच्या आतच त्यांनी आपलं उरकून घेतलं!” यावर त्यांचा तोडगाही तयार आहे. करारानुसार सरकार दर हिवाळ्यात अधिवेशनाला नागपुरात येतं, तसं महाराष्ट्राचं प्रत्येक पदक डिसेंबरात दोन आठवडे नागपूरला मुक्कामी पाठवावं. मोर्चे काढायला आपली माणसं तयारच असतात.

मी त्यांना आठवण करून दिली की हेलसिंकीला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. काकाजी म्हणाले, “पाहा! प्राचार्यही तिकडेच चांगले दिले.”

विदर्भाच्या जमेच्या बाजूला त्यांच्याकडे एकच जुनी नोंद आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ तिथे गेला आणि त्यानं कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. काकाजी हे इतक्या अभिमानानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांनीच तिथे पाय पकडला होता.

त्यांचं खरं दुःख मात्र वेगळं आहे. ते दुःख चौथ्या क्रमांकाचं. त्याची यादी त्यांना पाठ आहे आणि ती ते दिव्याखाली बसून म्हणतात: १९६० रोम, मिल्खा सिंग, चौथा. १९८४ लॉस एंजलिस, पी. टी. उषा, सेकंदाच्या शंभराव्या भागानं चौथी. २०१६ रिओ, दीपा कर्माकर, चौथी. टोकियोत गोल्फची अदिती अशोक, चौथी. पॅरिसमध्ये तर सहा चौथे क्रमांक आले. मीराबाई चानूनं १९९ किलो उचललं, तिसरी आलेलीनं २००. स्कीटची मिश्र जोडी एका गुणानं गेली. लक्ष्य सेन, अर्जुन बबुता, तिरंदाजीची मिश्र जोडी. दोन पदकं घेतलेल्या मनू भाकरलाही तिसऱ्या वेळी चौथाच मिळाला. “रेल्वेत वेटिंग चारचं तिकीट तरी कन्फर्म होते न बावा,” काकाजी कळवळून म्हणतात, “इथं एकसुद्धा गळत नाही!”

आणि एक दिवस असा होता की त्यांनी यादी म्हटली नाही. ७ ऑगस्टला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या गटात शंभर ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्या संध्याकाळी काकाजी भाजी घ्यायला गेले होते. भाजीवाल्यानं वांगी तोलली आणि सवयीनं म्हणाला, “शंभर ग्रॅम जास्त आहे काकाजी, राहू द्या.” काकाजींनी एक वांगं काढून परत टोपलीत ठेवलं आणि घरी आले. वांगं कमी का, हे काकूंनी विचारलं नाही. त्यांनीही बातम्या पाहिल्या होत्या.

यावर उपाय शेवटी नागपुरी पद्धतीनं झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी मारबत, बरोबर वर्षभरातल्या महागाई-भ्रष्टाचाराचे बडगे, आणि हजारो लोक ओरडत असतात की ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत. त्या वर्षी त्या गर्दीत काकाजींनी गल्लीतली पोरं गोळा करून नवी आरोळी शिकवली, “चौथा नंबर घेऊन जाय गे मारबत!” पुढच्या चौकातली मंडळीही ओरडू लागली. त्यांना वाटलं, कुठल्या तरी परीक्षेच्या घोटाळ्याबद्दल आहे.

मारबतीनं ऐकलंही. त्याच सप्टेंबरात बुडापेस्टला बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या महिला संघानं सुवर्ण जिंकलं आणि त्यात नागपूरच्या दिव्या देशमुखनं वैयक्तिक सुवर्णही मिळवलं. ऑलिम्पियाड आणि ऑलिम्पिक यांतला फरक सांगायला आलेल्या शेजारच्या मुलाच्या तोंडात काकाजींनी संत्रा बर्फी कोंबली आणि ताळेबंदात सोन्याच्या रकान्यात एक आकडा चढवला.

आता त्यांची नजर २०२८ वर आहे. तिरंदाजीतला कंपाउंड मिश्र सांघिक प्रकार लॉस एंजलिसला पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये येतो आहे, आणि २०२३ साली बर्लिनला १५० पैकी १५० गुण घेऊन कंपाउंडचा जगज्जेता झालेला ओजस देवतळे आहे नागपूरचा! हे काकाजींना कळलं ते खेळ ऑलिम्पिकमध्ये घेतल्याची बातमी आल्यावर. तोवर एक जगज्जेता त्यांच्याच शहरातला होता आणि त्यांना पत्ता नव्हता, कारण त्यांच्या फ्रिजवरच्या वेळापत्रकात त्याच्या खेळाला जागाच नव्हती. कळल्यावर मात्र ते त्याच्याबद्दल लहानपणापासून ओळखत असल्यासारखे बोलू लागले.

ते ऐकून घरातली सातवीतली पुतणी म्हणाली, “मोठे बाबा, मलाही तिरंदाजी शिकायची आहे.” काकाजी गंभीर झाले. देशाला पदक हवंच होतं, पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी घरून यावं अशी त्यांची कल्पना होती. त्यांनी विचारलं, “दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात का?” मिळतात, असं कळल्यावर परवानगी मिळाली. पुढे प्रशिक्षकांनी कधीतरी लागणाऱ्या कंपाउंड धनुष्याची किंमत सांगितली तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, “खाशाबांसाठी प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं होतं न हो?” काकाजी तितक्याच शांतपणे म्हणाले, “आपलं घर तुझ्या नावावर आहे.” तूर्त बांबूच्या धनुष्यावर ‘इंडियन राउंड’नं सुरुवात झाली.

पोरगी मन लावून शिकली. शाळांच्या स्पर्धेत उतरली आणि चौथी आली.

गल्ली श्वास रोखून बसली. काकाजी पेढ्यांचा पुडा घेऊन बाहेर पडले. दारोदार सांगू लागले, “चौथी आली! पहिल्याच झटक्यात चौथी!” बर्फी खाल्लेल्या त्याच मुलानं विचारलं, “म्हणजे ब्राँझ हुकलं न काकाजी?” काकाजी कडाडले, “अबे, चौथा नंबर म्हणजे काय असते माहीत आहे का तुला? मिल्खा सिंग चौथा होता! पी. टी. उषा चौथी! दीपा कर्माकर चौथी! कोणाच्या पंगतीत बसली पोरगी, ते पाहा न!” तीच यादी, त्याच क्रमानं, फक्त दिव्याखाली बसून म्हणायची ती आता पेढे वाटत म्हटली गेली.

पेढे संपल्यावर त्यांनी पुतणीला सहज विचारलं, “तिसरी कोण आली ग? कुठची होती?”

“धरमपेठची.”

काकाजी थबकले. घरात गेले, ताळेबंदाची वही काढली, नवं पान उघडलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘पश्चिम नागपूर - १, पूर्व नागपूर - निरंक.’