ॲट्रिब्यूट बघितलं का?

‘गोरेगाव? ईस्ट की वेस्ट?’ हा प्रश्न पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या गावच्या प्रत्येक पोराला कधी ना कधी झेलावाच लागतो. बाकीची पोरं ओशाळं हसून ‘मराठवाड्यातलं’ म्हणतात आणि विषय बदलतात. आमच्यातला एक प्रोग्रामर गडी मात्र विषय बदलत नाही. तो समोरच्याला बसवून घेतो. ‘नुसतं नाव सांगितलं की असंच होतं,’ म्हणतो. ‘एक गोरेगाव मुंबईत, एक रायगडात, एक गोंदियात, गोंदियाचं तर तालुक्याचं गाव आहे. म्हणून पूर्ण पाथ सांगायचा. महाराष्ट्र, स्लॅश, हिंगोली, स्लॅश, सेनगाव, स्लॅश, गोरेगाव.’ समोरच्याने बिचाऱ्याने गाव कोणतं एवढंच विचारलेलं असतं.

2020 च्या टाळेबंदीत हा लॅपटॉप पाठीला लावून गावी आला तो परत गेलाच नाही. कंपनी पुण्याची, पगार पुण्याचा, भाकरी आईच्या हातची आणि नेटवर्क गच्चीच्या एका कोपऱ्यातलं. असे गडी आता तालुक्यातालुक्यात झाले आहेत. ओळखायची खूण एकच. चार जणांचं भांडण चांगलं रंगात आलेलं असतं, कुणी मागे हटायला तयार नसतं, आणि हा मागून शांतपणे विचारतो, ‘पण ॲट्रिब्यूट बघितलं का?’ भांडणाची सगळी मजा जाते.

आता हे प्रकरण काय ते सांगायला हवं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली गिट नावाचं साधन लिहिलं. कोणत्या फाइलीत कुणी, कधी, काय बदललं याची बारीकसारीक नोंद ते ठेवतं. साधा प्रोग्रामर गिटमध्ये फाइलीचा इतिहास बघतो. आमच्या गड्याला इतिहासात फारसा रस नाही, त्याला फाइलीचा स्वभाव बघायचा असतो. गिटच्या भांडारात ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ नावाची एक लहानशी फाइल ठेवता येते. तिच्या एकेका ओळीत एकेक नियम. अमक्या नमुन्याच्या फाइली मजकूर समजा. तमकी चित्रं आहेत, त्यांच्यातला ओळीओळीचा फरक दाखवत बसू नका. ह्यांच्या ओळी अशा संपवा. त्या फाइली गिऱ्हाइकाला द्यायच्या गठ्ठ्यात घालू नका. एखाद्या फाइलीला यातलं नेमकं काय लागू झालं आहे ते विचारायची आज्ञा म्हणजे ‘गिट चेक-ॲट्र’. पुढे ‘-ए’ जोडलं की लागू असलेलं सगळं एकदम समोर येतं. पुष्कळ प्रोग्रामर ही आज्ञा एकदाही न देता सुखाने निवृत्त होतील. हा चहाच्या आधी देतो.

एकदा रात्री पुण्याच्या टीममध्ये गहजब झाला. विंडोजवर काम करणाऱ्या एका पोराने सर्व्हरवर चालवायच्या स्क्रिप्टमध्ये एकच शब्द बदलला होता. गिट म्हणे, सगळ्याच ओळी बदलल्या. शिवाय स्क्रिप्ट सर्व्हरवर चालेना. दुखणं जुनंच होतं. टेलिप्रिंटरच्या काळात ओळ संपली की गाडा डावीकडे आणायला एक संकेत लागे आणि कागद वर सरकवायला दुसरा. टेलिप्रिंटर भंगारात गेले, पण विंडोजने दोन्ही संकेत सांभाळून ठेवले. लिनक्स एकावरच भागवतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी हा जास्तीचा अदृश्य पाहुणा बघून सर्व्हर बिथरला होता. व्हिडिओ कॉलवर ‘तुझ्या एडिटरमुळं’, ‘तुझ्या मशीनमुळं’ असं सुरू झालं. मॅनेजर दोन्ही बाजूंनी मान हलवत होता.

इकडे गोरेगावात लाइट गेलेली. हा गच्चीवर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, एका हाताने डास मारत. त्याने विचारलं, ‘त्या फाइलीचं ॲट्रिब्यूट बघितलं का?’ कुणीच बघितलं नव्हतं. त्याने बघितलं. उत्तर आलं, ‘ईओएल: अनस्पेसिफाइड’. ईओएल म्हणजे ओळीचा शेवट. शेल स्क्रिप्टच्या ओळी लिनक्सच्या पद्धतीनेच संपवा, अशी एक ओळ त्याने घातली, फाइल नव्याने नोंदवून घेतली आणि विषय मिटला. आभार कुणीच मानले नाहीत. ज्यांचं भांडण ऐन भरात असताना सुटलं ते आभार कशाला मानतील? त्यात याने मॅनेजरला टेलिप्रिंटरचा इतिहास पहिल्यापासून सांगायला घेतला.

‘अनस्पेसिफाइड’ हा त्याचा सगळ्यात लाडका शब्द. चेक-ॲट्रकडून उत्तर चारच तऱ्हेचं येतं: सेट, अनसेट, एखादी ठरवून दिलेली किंमत आणि अनस्पेसिफाइड. हे त्याने पारावर समजावलं ते लग्नाच्या आवतनावरून. ‘सहकुटुंब या’ म्हटलं की सेट. ‘येऊ नका’ म्हटलं की अनसेट. ‘फक्त पंगतीला या’ म्हटलं की किंमत दिली. आणि ज्या घरी पत्रिकाच गेली नाही ते अनस्पेसिफाइड. पारावरची मंडळी एकदम गंभीर झाली, कारण हे सगळ्यांच्या अनुभवाचं होतं. ‘येऊ नका’ असं तोंडावर ऐकवलेल्यांचा पुढे समेट होतो. पत्रिका न गेलेलं घर नातवंडांच्या पिढीपर्यंत बोलत नाही. ‘अनस्पेसिफाइड म्हणजे नकार नव्हे,’ तो म्हणाला. ‘कुणी ठरवलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि जिथं ठरवलेलं नसतं तिथं जे ते मशीन आपल्या मनाने ठरवतं.’ एक म्हातारा म्हणाला, ‘मशीनच काहून, माणसंबी.’

या गड्याने चुलतभावालाही सोडलं नाही. चुलतभाऊ हळदीतला. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमधले भाव रोज एक्सेलमध्ये मराठीत टिपून ठेवायचा. याने ती फाइल ‘युनिकोड टेक्स्ट’ करून गिटमध्ये घातली. घरातलं काहीही गिटमध्ये घालायची त्याला खोड आहे. दुसऱ्या दिवशी काल-आजच्या भावातला फरक बघायला गेला तर गिटने सांगितलं, या बायनरी फाइली आहेत, वेगळ्या आहेत, याच्यापलीकडे मला विचारू नका.

‘म्हंजी?’ चुलतभावाने विचारलं.

‘म्हणजे तुझ्या मराठीला गिट मजकूर मानायला तयार नाही.’

मग त्याची कळी खुलली. एक्सेलने ती फाइल यूटीएफ-16 या एन्कोडिंगमध्ये साठवली होती. गिट फाइलीचे पहिले 8000 बाइट चाळतं आणि त्यात शून्याचा बाइट दिसला की हा मजकूर नव्हे असं ठरवून मोकळं होतं. ‘आता बघ,’ तो म्हणाला, ‘मराठी अक्षरांत शून्याचा बाइट नाहीच. तो येतो मधल्या स्पेसमधून, टॅबमधून आणि ओळीच्या शेवटातून. अक्षरं निर्दोष आहेत. दोष मोकळ्या जागेचा!’ यावर उपायही ॲट्रिब्यूटचाच. फाइल कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते एका ओळीत सांगायची सोय गिटमध्ये 2018 पासून आहे. चुलतभावाने सगळं निमूटपणे ऐकलं आणि विचारलं, ‘ते खरं भाऊ, पण भाव चढला का उतरला?’ तेवढं बघायचं राहून गेलं होतं.

त्याला घोर लावणारी गोष्ट एकच. हे नियम एका जागी नसतात. एक साऱ्या मशीनचा, एक त्या वापरणाऱ्याचा, एक भांडाराच्या मुळाशी, एक आतल्या फोल्डरात. जो फाइलीच्या जास्त जवळ त्याचं चालतं, आणि एकाच फाइलीत दोन ओळी भांडल्या तर खालची जिंकते. या सगळ्यांच्या डोक्यावर बसणारा नियम मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनमध्ये, ‘.गिट’ फोल्डरच्या आत दडलेला असू शकतो, आणि तो इतरांकडे कधीच जात नाही. त्यामुळे नव्या सहकाऱ्याकडे तो संशयानेच बघतो. गंमत म्हणजे चेक-ॲट्रला फाइल अस्तित्वात असण्याचीही गरज नसते. पाथ सांगा, ते उत्तर देतं. याच जोरावर त्याने कुणी न लिहिलेल्या फाइलीच्या ॲट्रिब्यूटवर आख्खी मीटिंग खर्ची घातली आहे.

ही व्याधी त्याला पुण्यात जडली असं आम्ही समजत होतो. मग शेजारचं रान विकायला निघालं. ओसरीवर मध्यस्थ, भावकी, चहा, सगळं जमलं. एकरी काय, इसार किती, यावर आवाज चढले. अण्णा, म्हणजे याचे वडील, कोपऱ्यात गप्प. शेवटी म्हणाले, ‘पयलं वर्ग बघितला का?’

ओसरी चिडीचूप. पोराने तिथल्या तिथे पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला. अण्णांनी चष्मा चढवला. क्षेत्र बघितलं नाही, आकार बघितला नाही, बोट थेट भोगवटादाराच्या वर्गावर. वर्ग 2. ‘परवानगीबिगर हात लावता येत न्हाई,’ अण्णा म्हणाले. मग बोट इतर हक्काच्या रकान्यात उतरलं. तिथं सोसायटीचा बोजा. मध्यस्थाने चहा अर्धा टाकून चप्पल घातली.

पोराचे डोळे भरून यायचे तेवढे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला समानधर्मा भेटला होता, तोही घरातच. त्याने लगेच लॅपटॉप आणून अण्णांना चेक-ॲट्र दाखवलं. फाइल, गुण, किंमत, सगळं ओळीने. अण्णांनी बराच वेळ पडदा न्याहाळला.

‘फेरफार नंबर कुठं हाय?’

‘तो यात येत नाही, अण्णा.’

‘आमच्या सातबाऱ्यावर हरेक नोंदीला फेरफार नंबर असतो. ही ओळ कुणी लावली, कवा लावली, कळाया नको?’

पोरगा वरमला. ज्या फाइलींकडे दुर्लक्ष करायचं त्यांच्यासाठीची गिटची आज्ञा, विचारलं तर, नियम कुठल्या फाइलीतल्या कितव्या ओळीतून आला ते सांगते. ही मात्र नुसता निकाल देते. ‘आधी नियम कोणत्या जागचा ते आपणच हुडकायचं,’ त्याने सांगितलं. ‘मग त्या फाइलीवर गिट ब्लेम चालवायचं. त्यात नाव आणि तारीख मिळते.’

‘म्हंजी एका टेबलावर काय हाय ते कळतं, अन् कुणी केलं ते कळायला दुसऱ्या टेबलावर?’

‘हो.’

‘दोन हेलपाटे,’ अण्णा चष्मा काढत म्हणाले. ‘मंग आमचं सेनगावचं तहसील काय वाईट हाय?’