जबडा जरा पुढं घ्या

घोरणाऱ्या माणसाची मोठी अडचण अशी, की साक्षीदार घरभर असतात आणि आरोपी मात्र गुन्ह्याच्या वेळी हजर नसतो. मी घोरतो आणि ते ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जातं, हे मला कैक वर्षं सांगण्यात येतंय. सांगणाऱ्यांत आई सगळ्यांत पुढं. वय ऐंशीच्या घरात, खोली पलीकडची, एरवी हाक दोनदा मारावी लागते. पण माझं घोरणं तेवढं तिला भिंतीतून लख्ख ऐकू येतं. बायकोची तक्रार जास्त नेमकी. "आवाजाचं काही नाही हो, सवय झाली. पण मधेच बंद पडता ना, पाइपात हवा धरल्यासारखं, तेव्हा माझा जीव वर-खाली होतो."

शेवटी पुण्यातल्या पोरानं ऑनलाइन एक पट्टी मागवून दिली. इंदापूर तालुक्यात वरकुटे दोन, बुद्रुक आणि खुर्द. पार्सल अर्थातच आधी दुसऱ्या वरकुट्याला जाऊन आलं.

पट्टी चहाच्या पातेल्यात, कढत पाण्यात सोडायची. मऊ पडली की सांडशीनं उचलायची, हाताला सोसेल इतकी निवू द्यायची, तोंडात घालायची आणि खालचा जबडा पुढं काढून कचकन चावून धरायची. दातांचा ठसा उमटतो, पट्टी गार झाली की तो कायम होतो. आई चुलीपाशी बसून बघत होती. म्हणाली, "दात शाबूत असताना कवळी कशाला रे आणली?"

त्यामागचं शास्त्र मात्र सरळ आहे. गाढ झोपेत स्नायू ढिले पडतात, खालचा जबडा मागं घसरतो, त्याच्याबरोबर जीभही. घशातली वाट अरुंद होते, हवा दाटीवाटीनं जाते, टाळू आणि पडजीभ थरथरतात; त्या थरथरीलाच घरचे लोक घोरणं म्हणतात. पट्टी जबडा काही मिलिमीटर पुढं धरते आणि वाट मोकळी राहते. फ्रान्समधल्या प्येर रोबँ नावाच्या दंतवैद्यानं श्वास अडणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वापरली होती. म्हणजे शंभर वर्षं जुनं ज्ञान. पण औषध रोग्यानं घ्यायचं आणि गुण शेजाऱ्याला यायचा, असा हा एकच रोग. लाळ माझी गळणार, सकाळी जबडा माझा ठणकणार आणि ताजीतवानी उठणार बायको.

आणि ही पट्टी घालून फोन घेऊ नये, हे पाकिटावर कुठंच लिहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीच्या पाळीची होती. मध्यरात्री चुलतभावाचा फोन. "आबा, लाईट आली. मोटार चालू करू का?" मी झोपेतच म्हणालो, "कर." पट्टीतून बाहेर पडलं ते "अघ्घ." त्यानं पुन्हा विचारलं. मी चिडून म्हणालो, "अरे कर की, विचारतोस काय!" त्याला काय ऐकू गेलं ते त्यालाच ठाऊक. फोन बंद झाला आणि थोड्याच वेळात अंगणात जीप, बॅटऱ्या, अर्धी भावकी. "आबांना लकवा मारला!" एकानं माझा डावा हात वर केला, दुसऱ्यानं उजवा. तिसरा म्हणाला, "आबा, हसून दाखवा." मी हसलो. पुढं आलेल्या जबड्यानं ते हसू असं काही निघालं, की एक जण धावत जाऊन जीप सुरू करून बसला. मग मी पट्टी बाहेर काढली. लाळेची तार हनुवटीपासून सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपर्यंत आली. सगळे ती तुटेपर्यंत थांबले. मग चुलतभाऊ म्हणाला, "मोटार चालू करू ना?"

दुसऱ्या दिवशी पारावर उपायांचा पाऊस. सदऱ्याच्या पाठीत चेंडू शिवा, नाकात तूप सोडा, शंख फुंका. शंखाला मी हसलो नाही. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी झोपेत श्वास अडणाऱ्या तीस जणांवर शंखाचाच प्रयोग करून तो छापलाय. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डिजरीडू नावाचं ऑस्ट्रेलियातलं लांबलचक लाकडी वाद्य वाजवायला लावून पाहिलं. त्याला २०१७ मध्ये गमतीचं इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. फुंकून फुंकून घशाचे स्नायू घट्ट होतात, असा हिशोब. आपल्याकडं जवळचं वाद्य म्हणजे तुतारी. पण २०२४ मध्ये ती निवडणुकीची निशाणी झाल्यापासून बारामती-इंदापुरात औषध म्हणून तुतारी हातात घेतली, तरी लोक मतदानाचंच विचारतात.

बारामतीच्या डॉक्टरांनी आधी झोपेची तपासणी करायला लावली. श्वास फार अडत असेल तर नुसत्या पट्टीवर भागत नाही, म्हणाले. मग आठ प्रश्नांचा कागद दिला, १९९१ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेला. कुठं कुठं डुलकी लागते? वाचताना? सभेत बसल्यावर? मी म्हणालो, "ग्रामसभेत लागते." डॉक्टर म्हणाले, "ती सगळ्यांनाच लागते. ट्रॅक्टरवर लागते का?" मी खिडकीबाहेर बघितलं. बायकोनं उत्तर दिलं. बाकीच्यांचंही तिनंच दिलं.

तपासणीत निभावलं आणि दातांच्या मापाची चांगली पट्टी मिळाली. पहिल्याच रात्री घर शांत होईल अशी आशा होती. बायकोनं मध्यरात्री मला हलवलं. "ऐका." पलीकडच्या खोलीतून, भिंत फोडून, दणदणीत, लयीत आवाज येत होता. माझ्या आवाजाखाली तो इतकी वर्षं दबून राहिला होता.

सकाळी आईला सांगितलं. "मी? मी तर रात्रभर जागीच होते," ती म्हणाली.

जबड्याच्या पट्टीला दात लागतात, आईला ते नाहीत. पण अमेरिकेत १९८२ साली कार्टराइट आणि सॅमलसन यांनी दुसरं एक साधन तपासून पुढं आणलं होतं: मऊ प्लास्टिकचा फुगीर कप, ओठांपुढं बसतो आणि जिभेला ओढून धरतो, दात नसले तरी चालतं. मी आईला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, एकदा सुनेकडं बघितलं आणि म्हणाली, "माझी जीभ धरणारा अजून जन्माला यायचाय."