चढणाऱ्याला आधी वाट

गाडी कुठे थांबवायची आणि कोणाला पुढे जाऊ द्यायचे, याचे बहुतेक नियम नेरळहून माथेरानला जाताना एकाच वाटेत भेटतात. नियम तोंडपाठ असलेला इसम मात्र बहुधा चालकाच्या शेजारी बसलेला असतो. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो. लायसन नसल्याने त्याचा अभ्यास निर्वेध झाला आहे.

सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. रस्ते बरोबरीचे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. नेरळच्या बाजारात प्रत्येक जण मुख्य रस्त्यावरच असतो.

पुढे छोट्या गाडीचे रूळ रस्त्याला छेदतात. राखणदार नसलेल्या फाटकापाशी काय करावे, हे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 131 मध्ये आहे. गाडी थांबवावी, क्लीनरने किंवा गाडीतल्या अन्य कोणी उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजू पाहाव्यात आणि मग गाडी पलीकडे न्यावी. शेजारी बसणाऱ्याला कायद्याने दिलेले हे एकमेव काम, त्यामुळे तो छत्री घेऊन उतरतोच. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज रेल्वे बंद असते, पण कलमात ऋतूचा उल्लेख नाही.

घाटातला नियम सर्वांत शहाणा: रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबावे, चढणाऱ्याला जाऊ द्यावे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते, क्लच जळून वास सुटतो. जुलैतल्या एका रविवारी वळणावर एक चढणारी आणि एक उतरणारी मोटार नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. चढणाऱ्याच्या बाजूने कायदा होता आणि शेजारी तो सांगणारा. उतरणाऱ्याचे म्हणणे एवढेच, की मागे दहा गाड्या आहेत, जाऊ कुठे? तेवढ्यात खालच्या रांगेतल्या काही उतावळ्यांनी रांग मोडून उजवीकडे दुसरी रांग लावली. आता कोणाला थांबायचे असते तरी जागा उरली नाही. असल्या लोकांना घाटात येऊच देऊ नये. चाकांमागे दगड लागले, कणीस खाऊन झाले, कलम दोनदा म्हणून झाले. ओम्नीवाले टॅक्सीचालक लांबूनच हात करीत होते, ‘‘काका, काच वर घ्या, पाऊस आत येतोय.’’

मग वरून सायरन ऐकू आला.

रुग्णवाहिकेला वाट न देण्याचा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये आहे, पण त्या वेळी तो कोणी सांगितला नाही. एका टॅक्सीवाल्याने उतावळ्यांच्या किल्ल्या मागून घेतल्या आणि त्यांच्या गाड्या एकेक करून रिव्हर्समध्ये कड्याच्या बाजूला बसवल्या. चढणारी मोटारही मागे सरली. रुग्णवाहिका अगदी सावकाश उतरली. काचेआड सलाइनची बाटली धरलेला एक हात दिसला. ती वळणाआड जाईपर्यंत एकही हॉर्न वाजला नाही.

दस्तुरी नाक्यावर खासगी मोटारींना थांबावेच लागते, पुढे त्यांना बंदी आहे. तिथून लाल मातीवर घोड्याला वाट द्यायची. घोडेवाला ‘‘साइड, साइड’’ एवढेच म्हणतो, आणि कलम विचारण्याआधीच शेजारी बसणारा इसमही बाजूला होतो.