आवडला का, एवढंच सांगा

‘धुरंधर’ बघितलात का, असं कोणी विचारलं तर उत्तर द्यायची घाई करू नये. आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघावा. त्याला सिनेमाबद्दल काही ऐकायचं नसतं. नाक्यावरचा हवालदार लायसन्स मागतो, तसं तो तुमचं मत मागत असतो.

५ डिसेंबर २०२५ला हा सिनेमा लागला आणि घरोघरी गुप्तहेर खातं सुरू झालं. पडद्यावरच्या रणवीर सिंगचं काम त्यामानाने सोपं. हमझा हे नाव घेऊन कराचीतल्या लियारीत शिरायचं, टोळीत मिसळायचं आणि आपण कोण हे कोणालाही कळू द्यायचं नाही. हे तो साडेतीन तास निभावतो. प्रेक्षकाला पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंतसुद्धा निभावत नाही.

आमच्या घरच्या ग्रुपवर मी फक्त दोन शब्द लिहिले होते : ‘थोडा लांबला.’ तीन तास चौतीस मिनिटांच्या सिनेमाबद्दल याहून सौम्य काय लिहिणार? मामांचं उत्तर तत्काळ आलं : ‘तिकडे पोरं वर्षानुवर्षं शत्रूच्या घरात राहतात, तुला देशासाठी साडेतीन तास बसवत नाही?’ मामा स्वतः पाय लांब करता येणाऱ्या खुर्चीत, मांडीवर पॉपकॉर्नचा टब घेऊन बसले होते. मध्यंतरात समोसेही झाले होते. पण त्यागाचं मोजमाप करणारा मी कोण?

मग कट्ट्यावर गेलो. तिथली मंडळी पुस्तकं वाचणारी. म्हटलं, इथे जरा मोकळं बोलता येईल. ‘मारामाऱ्या जमल्यात हं,’ असं म्हणालो मात्र, एका मित्राने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ‘म्हणजे हा प्रचार तुला मान्य आहे तर!’ त्याने सिनेमा बघितला नव्हता आणि बघणारही नव्हता. त्यामुळे त्याच्या मतात कुठेही गोंधळ नव्हता. बघितलेल्यांची तीच तर पंचाईत होते. एखादा प्रसंग आवडतो, एखादा डोक्यात जातो, आणि मत भेसळीचं होऊन बसतं. न बघणाऱ्याचा माल शुद्ध!

बरं, ही तपासणी काही आपल्यासारख्या किरकोळांचीच होते असं नाही. हृतिक रोशन म्हणजे ‘वॉर’मधला कबीर, भारतीय हेरखात्याचा खास माणूस. त्याने या सिनेमाची तोंडभर स्तुती केली आणि जाता जाता यातल्या राजकारणाशी आपण कदाचित सहमत नसू, असंही लिहिलं. झालं! पूर्ण स्तुती राहिली बाजूला, ‘कदाचित’ तेवढा पकडला गेला. दुसऱ्या दिवशी त्याची नवी पोस्ट आली. तिच्यात निव्वळ कौतुक. आपल्याकडचा सगळ्यात देखणा हेर एका दिवसात उघडा पडला. पगारी समीक्षकांची अवस्था तर विचारूच नका. त्यांच्या संघटनेला, आमच्या लोकांना शिव्याशाप देऊ नका, असं पत्रक काढावं लागलं. हल्ली सिनेमाला किती तारे द्यायचे हे समीक्षक ठरवतो, आणि समीक्षकाला किती दिवस जगू द्यायचं हे प्रेक्षक.

हृतिकची ती दुसरी पोस्ट मात्र मी अभ्यासासारखी वाचली. तिच्यात अक्षय खन्ना आपला कायमचाच लाडका असल्याचा उल्लेख होता. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाच तो परवलीचा शब्द!

करून बघा. मामांनी विचारलं, आवडला का? ‘मामा, अक्षय खन्ना!’ मामा खूश. कट्ट्यावर कोणी भुवई उंचावली? ‘बाकी सोड रे, पण अक्षय खन्ना…’ तिथेही माना डोलतात. डॉक्टर, केशकर्तनालय, लग्नाची पंगत, कुठेही चालतो. सध्या या देशात दोन्ही बाजूंना मान्य असलेली ही एकमेव गोष्ट असावी. गंमत बघा, २०२५च्याच फेब्रुवारीत ‘छावा’मध्ये हाच माणूस औरंगजेब होता. तेव्हा त्याला बघून प्रेक्षक दातओठ खात होते. भरूचमध्ये तर एकाने थिएटरचा पडदाच फाडला. डिसेंबरात तो लियारीचा टोळीप्रमुख रेहमान डकैत होऊन, काळे कपडे घालून, हात उडवत नाचत आला आणि ती स्टेप हळदीच्या मांडवापर्यंत पोचली. शत्रू तोच, पण नाचता आलं पाहिजे. त्या नाचाचं गाणं बहारीनच्या रॅपरचं, आणि बहारीनसह आखाती देशांत सिनेमाच प्रदर्शित झाला नाही. गाणं मिळालं, सिनेमा नाही. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘मग? त्यांची जिरली की नाही?’ कोणाची, ते मला अजून कळलेलं नाही.

ज्ञानात पडलेली भर वेगळीच. आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाला आता लियारीतली टोळीयुद्धं पाठ आहेत. कोणी कोणाच्या बापाला मारलं, पोलिसांत कोण, बलोच कोण, सगळं. ती वस्ती प्रत्यक्षात फुटबॉल आणि बॉक्सिंगसाठी वेडी म्हणून ओळखली जाते, हे सांगायला गेलो तर ‘सिनेमात दाखवलं नाही’ म्हणून मला गप्प केलं. सिनेमातली लियारीही थायलंडमध्ये उभारलेली, पण तो मुद्दा मी गिळला. याच ज्ञानी मंडळींना आपला प्रभाग क्रमांक विचारा. महापालिकेची निवडणूक तेव्हा इतकी वर्षं रखडली होती की, शेवटचा नगरसेवक कोण होता हे आठवण्यापेक्षा लियारीचा नकाशा सोपा!

आता पुढची चिंता. सिनेमाच्या शेवटी रेहमान मारला जातो. ही गोष्ट मी फोडली म्हणून रागावू नका; खरा रेहमान २००९ सालीच पोलिस चकमकीत मेला. दुसरा भाग १९ मार्च २०२६ला येणार असल्याचं पहिल्याच्या शेवटी सांगून ठेवलं होतं. त्यात हा नाचणारा माणूस नसला, तर ‘आवडला का?’ या प्रश्नाला तोंड कसं द्यायचं? याच सिनेमातल्या माधवनवर एकमत होतंय का, याची मी चाचपणी सुरू केली आहे. मामा तयार आहेत. कट्ट्यावरून मात्र निरोप आलाय, ‘त्याने साकारलेला अधिकारी कोणावर बेतलाय ते आधी बघ, मग बोलू.’