साध्या फाइलीत संदर्भसूची: प्रबंधकर्त्यांस सविनय सूचना

वर्डमध्ये प्रबंध लिहिणाऱ्यांनी हे वाचू नये. ते सुखी आहेत, त्यांना सुखी राहू द्यावे. या सूचना आहेत त्या लोकांसाठी, ज्यांनी "मी यापुढे साध्या मजकुरातच लिहिणार" असे चारचौघांत जाहीर केले आणि त्या दिवसापासून प्रबंध सोडून बाकी सगळे लिहिले. आमच्या मेहुण्याचे नाव यात कुठेही घेतलेले नाही. तो आमच्याकडेच राहतो, त्यामुळे त्याला कळेल.

साहित्य. साध्या मजकुरात खुणा घालून लिहायचे मार्कडाउन हवे. ते जॉन ग्रुबर यांनी २००४ साली काढले. मग त्या मजकुराची वर्ड किंवा पीडीएफ फाइल करून देणारे पँडॉक. ते २००६पासून बर्कलीचे जॉन मॅकफार्लेन मोफत पुरवत आले आहेत. हे गृहस्थ तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. प्राध्यापकाने जगाच्या उपयोगी पडल्याचा हा दाखला विद्यापीठाच्या आवारात मोठ्याने देऊ नये. तिसरी वस्तू म्हणजे बिबटेक पद्धतीची फाइल, जिच्यात पुस्तकांची कुंडली भरायची. ही पद्धत ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांची, १९८५ची. टंकायचा कंटाळा असेल तर संदर्भ साठवणारे झोटेरो ती फाइल काढून देते. चौथी वस्तू शैलीची, म्हणजे सीएसएल फाइल. अशा दहा हजारांहून अधिक शैली तयार मिळतात. मार्गदर्शक सरांना हवी असलेली त्यांत नसते.

कृती अगदी सोपी. मजकुरात जिथे आधार द्यायचा तिथे चौकटी कंस, ॲटचे चिन्ह, पुस्तकाची किल्ली, स्वल्पविराम आणि पान: [@नेमाडे१९६३, पृ. ४५]. मग पँडॉकला 'साइटप्रॉक'चा पर्याय देऊन हाक मारावी. कंसाच्या जागी व्यवस्थित संदर्भ येतो आणि शेवटी सूची येते. पूर्वी यासाठी वेगळी चाळणी बसवावी लागे. पँडॉक २.११पासून ती आतच आहे. जुने लेख वाचून ती पुन्हा बसवू नये. कोणी बसवली हे विचारू नका, पण शनिवार गेला.

किल्ली. इथे वाचकांसाठी देवनागरीत दाखवली. प्रत्यक्षात रोमन, लहान अक्षरांत ठेवावी आणि पुन्हा हात लावू नये.

लेखकाचे नाव. इथे माणूस फसतो. आडनाव, स्वल्पविराम, नाव. 'देशपांडे, पु. ल.' इथवर सगळे ठीक चालते. मग तुकाराम येतात. मेहुण्याने शास्त्रोक्त विचार करून आडनावाच्या जागी 'अंबिले' भरले. तुकोबा सूचीत 'अ'खाली गेले आणि समासात पेन्सिलीने "हे अंबिले कोण?" असे लिहून आले. संतांना एकच नाव द्यावे आणि आडनावाच्या भानगडीत पडू नये. गाथेचा आधार पानाने न देता अभंग क्रमांकाने द्यावा, आणि गाथा कोणती तेही सांगावे. मुंबई सरकारने १९५० साली काढलेल्या गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत वेगळ्याच अभंगावर सापडतो.

दोन लेखक असतील तर मध्ये इंग्रजी 'अँड'च हवा, तोही रोमन लिपीत. 'आणि' घातल्यास दोघांचा मिळून एकच लांबलचक गृहस्थ तयार होतो. संस्थेचे नाव दुहेरी महिरपी कंसात ठेवावे. नाहीतर बिबटेक शेवटच्या शब्दाला आडनाव समजते आणि सूचीत 'मंडळ, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती' अशी व्यक्ती अवतरते. तिचे घरचे तिला काय म्हणत असतील? टोपणनावांबाबत मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जे छापले तेच खरे मानावे: 'विशाखा' कुसुमाग्रजांची, 'नटसम्राट' शिरवाडकरांचे. दोघे एकच, हे संगणकाला सांगत बसू नये.

प्रकाशनवर्ष. ग्रंथालयाचा शिक्का म्हणजे प्रकाशनवर्ष नव्हे. जुन्या पुस्तकांवर शके असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो असे सांगून लोक मोकळे होतात. पण शक चैत्रात सुरू होतो. शके १८४० म्हणजे बहुतेक १९१८, मात्र प्रस्तावनेखाली 'माघ वद्य' असेल तर १९१९. मेहुणा हे काम करताना मी पाहिला आहे: वाळवीने नक्षी काढलेले पान, त्यावरून हळूच सरकणारे बोट, तिथी सापडल्यावर कागदाच्या चिठ्ठीवर उतरवलेला आकडा. तेवढ्या वेळात त्याला चहा झाला म्हणून हाक मारत नाही कोणी.

सूचीचा क्रम. मराठी कोशात क्ष आणि ज्ञ शेवटी, आणि ळ ह-नंतर. संगणकाला क्ष म्हणजे क-ला जोडलेला ष, म्हणून श्री. के. क्षीरसागर केतकर-कोल्हटकरांच्या आसपास जाऊन बसतात. फाइलीच्या माथ्यावर भाषा मराठी असल्याचे नोंदवावे आणि तरीही क्षीरसागर कुठे बसले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

तत्रैव. या एका गोष्टीसाठी मात्र सगळा खटाटोप माफ. हाताने लिहिलेल्या 'तत्रैव'इतका बेभरवशाचा शब्द प्रबंधात दुसरा नाही. मध्ये एक परिच्छेद घुसडला की खालचा 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतो, आणि हे बाहेरच्या परीक्षकाला सगळ्यांत आधी दिसते. सीएसएलमध्ये लागोपाठ तेच पुस्तक आले की तळटिपेत त्या अर्थाचा शब्द आपोआप पडतो, मध्ये दुसरे आले की जातो. शैलीच्या फाइलीत त्या जागी 'तत्रैव', पानासाठी 'पृ.', संपादकासाठी 'संपा.' आणि लेखक पुष्कळ असतील तर 'व इतर' असे शब्द एकदाच भरून ठेवावेत. आम्ही भरले. त्या संध्याकाळी घरात खरोखर आनंद होता. मेहुण्याने उगाचच एक परिच्छेद वर-खाली करून ताईला तो शब्द जाता-येताना दाखवला. तिनेही "अरे वा" म्हटले.

सर. सरांना वर्डची फाइल लागते. पँडॉक तीही देते, नमुना-फाइल जोडली तर विद्यापीठाच्या समासांसकट. पण सर सूचीत स्वतःच्या हाताने स्वल्पविराम घालतात, आपण पुढच्या वेळी फाइल नव्याने काढतो, स्वल्पविराम जातो आणि सरांना आपण उद्धट वाटतो. म्हणून त्यांची प्रत्येक दुरुस्ती आधी बिब फाइलीत किंवा शैलीत न्यावी, वर्डमध्ये काही करू नये. याहून बरे, सरांना पीडीएफ पाठवावी. तीत त्यांना काही बदलता येत नाही, मग ते फोन करतात. तो फोन मात्र प्रबंधकर्त्याने स्वतः उचलावा. "तो अंघोळीला गेलाय" असे दुपारी चार वाजता मी किती दिवस सांगू?